‘सर्व्हर डाऊन’ हे उत्तर नव्हे

२१ मे २०२५ रोजी महाराष्ट्रातील अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशनोंदणीला प्रारंभ व्हावयाचा होता. ही केंद्रीय पद्धत मोठ्या शहरांपुरती न ठेवता सबंध राज्याला लागू करण्याचे ते पहिलेच वर्ष. दहावीचा निकाल १३ मे रोजी लागला होता, १४ लाखांहून अधिक मुले उत्तीर्ण झाली होती, सरावासाठी दोन दिवसही देऊन झाले होते. प्रत्यक्ष नोंदणीच्या पहिल्याच दिवशी मात्र संकेतस्थळ चालेना. अखेर वेळापत्रक बदलून नोंदणी २६ मेपासून घ्यावी लागली. कारण काय, तर तांत्रिक अडचण.

या शब्दप्रयोगाला आमचा आक्षेप आहे. अतिवृष्टी अचानक येते, भूकंपाची पूर्वसूचना मिळत नाही. परंतु दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलांची संख्या शासनाच्याच मंडळाने आठवडाभर आधी जाहीर केलेली असते. ती मुले कोणत्या दाराशी आणि कोणत्या दिवशी येणार, हेही शासनच ठरविते. आपल्या गिऱ्हाइकांविषयी इतकी नेमकी माहिती बाजारातल्या कोणत्याही व्यापाऱ्याला कधी मिळत नाही. मग ते दार एवढ्या गर्दीला पुरेल की नाही, हे आधी तपासले होते काय, एवढाच प्रश्न उरतो. तो संगणकतज्ज्ञांचा खाजगी प्रश्न नाही. सार्वजनिक सेवेचा तो प्रश्न आहे, आणि आपल्या कार्यकर्त्यांनी तो मुळातून समजून घेतला पाहिजे.

तपासण्याची रीत ठरलेली आहे. तिला लोड टेस्टिंग म्हणतात. आपण भारचाचणी म्हणू. नवा पूल वाहतुकीला खुला करण्यापूर्वी त्यावर भरलेले ट्रक उभे करून तो किती वाकतो हे मोजतात, त्यातलाच हा प्रकार. काही संगणकांवरून हजारो काल्पनिक माणसे संकेतस्थळाकडे पाठवावयाची. त्यांनी खऱ्या माणसांप्रमाणे नाव भरावयाचे, ओटीपी मागवावयाचा, दाखला जोडावयाचा, मध्येच थांबून विचार करावयाचा, एखाद्याने कंटाळून तेच बटण पुन्हा दाबावयाचे. संख्या वाढवीत न्यावयाची आणि उत्तराला किती वेळ लागतो, किती विनंत्या परत फिरतात, आधी काय कोलमडते, याची नोंद ठेवावयाची. बहुधा असे आढळते की दर्शनी पान भक्कम असते आणि मागचे माहितीभांडार किंवा ओटीपी पाठविणारी यंत्रणा आधी गुडघे टेकते.

थोडे अंकगणित करून पाहू. समजा, एका तासात ३ लाख ६० हजार मुले आली. म्हणजे सेकंदाला १०० झाली. प्रत्येकाला अर्ज भरण्यास १० मिनिटे, म्हणजे ६०० सेकंद लागली, तर कोणत्याही क्षणी ६० हजार मुले आत असणार. आता यंत्र जरा मंदावले आणि १० मिनिटांच्या कामाला २० मिनिटे लागू लागली, तर बाहेरून येणारी गर्दी तेवढीच राहूनही आतली संख्या १ लाख २० हजार होते. मंदपणामुळे गर्दी वाढते, आणि गर्दीमुळे मंदपणा. येणाऱ्यांचा दर गुणिले थांबण्याचा वेळ म्हणजे आतली माणसे, हा नियम अमेरिकेतील अभ्यासक जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केला. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीसाठी रांगांचे गणित मांडणारा एर्लांगचा पहिला निबंध तर १९०९ सालचा. रांगेच्या साध्या प्रारूपात यंत्र ५० टक्के व्यग्र असेल तर मूळ कामाच्या दुप्पट वेळ लागतो, ८० टक्क्यांना पाचपट, ९० टक्क्यांना दहापट, ९५ टक्क्यांना वीसपट. अर्थशास्त्र शिकविताना क्षमतेचा पुरेपूर वापर म्हणजे कार्यक्षमता, असे आम्ही अनेक वर्षे फळ्यावर लिहीत आलो. रांगेतल्या माणसाच्या बाजूने पाहिले की हे वाक्य दुरुस्त करावे लागते. थोडी क्षमता रिकामी ठेवणे ही उधळपट्टी नव्हे.

पैसा नव्हता, हीही सबब चालणार नाही. या चाचणीची उत्तम हत्यारे फुकट उपलब्ध आहेत, आणि ती सर्वांच्या मालकीची आहेत. जेमीटर हे त्यांतले जुने. १९९८ साली स्टेफानो माझ्झोकी यांनी त्याची सुरुवात केली आणि आज अपाचे प्रतिष्ठानाच्या छत्राखाली स्वयंसेवक ते सांभाळतात. स्वीडनमध्ये जन्मलेले लोकस्ट पायथॉन भाषेत लिहिलेल्या साध्या सूचनांवर चालते. लोकस्ट म्हणजे टोळ. टोळधाडीचे नाव या कामाला शोभून दिसते. के-सिक्सही स्वीडनचेच, २०१७ साली मुक्त झालेले. या सर्वांची मूळ आज्ञावली कोणीही वाचावी, वापरावी, सुधारावी. जगभरच्या कामगारांच्या श्रमातून उभे राहिलेले आणि कोणा एकाच्या कुलपात न गेलेले हे धन आहे. भारत सरकारनेच २०१५ साली मुक्त स्रोत आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. काल्पनिक माणसे उभी करण्यासाठी संगणक भाड्याने घ्यावे लागतात, सराईत अभियंते लागतात, हे खरे. परंतु मुख्य कंत्राटाच्या मानाने हा खर्च किरकोळ असतो.

चाचणी झाली एवढ्यावर मात्र समाधान मानू नये. तिच्यात लबाडीला भरपूर वाव आहे, आणि ती लबाडी अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला फार ओळखीची वाटते. पहिली सरासरीची. शंभर विनंत्यांपैकी ९५ ना एका सेकंदात आणि पाचांना ६० सेकंदांनी उत्तर मिळाले, तर सरासरी चार सेकंदांहूनही कमी भरते. अहवालात ती शोभून दिसते. दरडोई उत्पन्नाच्या आकड्यात भूमिहीन मजूर जसा नाहीसा होतो, तसेच ते पाच येथे नाहीसे होतात. शिवाय एका अर्जाला एकच विनंती लागत नाही. समजा वीस लागल्या. तर त्यांपैकी एकदा तरी ते ६० सेकंदांचे ताटकळणे वाट्याला येण्याची शक्यता शंभरात ६४ आहे. म्हणजे पाच टक्क्यांची म्हणून दुर्लक्षिलेली अडचण निम्म्याहून अधिक अर्जदारांची ठरते. म्हणून सरासरी न विचारता शंभरातल्या ९५व्या आणि ९९व्या माणसाला किती वेळ लागला, हे विचारावे.

दुसरी लबाडी अधिक सूक्ष्म आहे. काल्पनिक माणसांची संख्या ठरवून टाकावयाची आणि प्रत्येकाने आधीचे उत्तर आल्याखेरीज पुढची विनंती पाठवावयाची नाही, अशी आखणी पुष्कळदा केली जाते. मग यंत्र मंदावले की गर्दीही आपोआप शहाण्यासारखी मंदावते. रेशन दुकानाच्या फाटकातून एका वेळी दहाच माणसे आत सोडावयाची आणि दुकानात कधी दहापेक्षा जास्त गर्दी झाली नाही असा दाखला द्यावयाचा, तसे हे झाले. खरी माणसे आतल्याची अडचण पाहून घरून निघायची थांबत नाहीत. ठरावीक दराने माणसे येतच राहतील अशी सोय के-सिक्समध्ये आहे. जेमीटरमध्येही तशी रचना करता येते. ती वापरली की नाही, हे अहवालात लिहिलेले असले पाहिजे.

आणि प्रामाणिक चाचणीदेखील पुरेशी नसते. ऑस्ट्रेलियाने २०१६ साली जनगणना प्रामुख्याने ऑनलाइन घेतली. संगणकाचे काम आयबीएम कंपनीकडे होते, कंत्राट ९० लाख डॉलरांहून अधिक. तासाला १० लाख अर्जांचा भार यंत्रणा पेलू शकते, अपेक्षेच्या हा दुप्पट आहे, असे सांख्यिकी विभागाने आधी छातीठोकपणे सांगितले होते. ९ ऑगस्टच्या संध्याकाळी, सबंध देश जेवणे आटोपून अर्ज भरावयास बसला असताना, ते संकेतस्थळ बंद करावे लागले आणि सुमारे ४० तास बंद राहिले. चौकशीत निघाले काय? बाहेरून बनावट विनंत्यांचा मारा झाला होता, पण तो मोठा नव्हता. परदेशातून येणारी वाहतूक अडविण्याची योजना फसली, बंद केलेला एक राउटर पुन्हा धड सुरू होईना, आणि माहिती बाहेर जात असल्याचा एक इशारा खरा मानला गेला. तो खोटा होता. सज्जन नागरिकांच्या भाराची चाचणी झाली होती. उपकरण बंद पडल्यावर ते पुन्हा उभे राहते की नाही, याची पुरेशी झाली नव्हती. पुढे आयबीएमने सरकारला ३ कोटी डॉलरांहून अधिक भरपाई दिली. क्वीन्सलँडमधील दोन विद्यार्थ्यांनी दोन दिवसांत पाचशे डॉलरांच्या आत तसेच संकेतस्थळ बांधून दाखविल्याची बातमी त्या दिवसांत फार गाजली. आम्ही तिला बेताचेच महत्त्व देतो. अंगणात पूल बांधणे आणि नदीवर बांधणे यांत फरक आहे.

आपल्याकडे २८ एप्रिल २०२१ रोजी १८ ते ४४ वयोगटासाठी लसीची नोंदणी खुली झाली तेव्हा पहिल्या काही मिनिटांत कोविन अडखळले. शासनाच्याच सांगण्याप्रमाणे आरंभी मिनिटाला २७ लाख विनंत्या येत होत्या. तरीही ते लवकर सावरले आणि पहिल्या दिवशी १ कोटीहून अधिक लोकांनी नोंदणी केली, हे श्रेय दिले पाहिजे. पण नोंदणी झाली तरी लस कोठे होती? महाराष्ट्राला तुटवड्यामुळे मे महिन्यात या वयोगटाचे लसीकरण थांबवावे लागले. दाराची रुंदी मोजून कोठारातला साठा वाढत नसतो.

आता खर्च कोणावर पडतो ते पाहू. संकेतस्थळ बंद पडले म्हणून मंत्रालयातल्या कोणाचा पगार कापला जात नाही. आम्ही स्वतः एका नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी एका सेवा केंद्राच्या बाकावर तीन तास बसलो होतो. सर्व्हरच्या लेखी त्या दुपारी आम्ही हयात नव्हतो. आमचे फारसे बिघडले नाही, पेन्शनरापाशी वेळ असतो. शेजारी बसलेली बाई मात्र शेतावरचा खाडा करून मुलीच्या दाखल्यासाठी आली होती, आणि तिला उद्या पुन्हा यावयास सांगण्यात आले. एक दिवसाची मजुरी आणि दोन वेळचे एसटीचे भाडे, असे तिचे नुकसान सरळ रुपयांत मोजता येते. ते कोणत्याही प्रकल्प-अहवालात धरलेले नसते. चाचणीवर वाचविलेला पैसा अशा रीतीने तिच्या कनवटीतून काढला जातो. राज्याच्या २०१५ सालच्या लोकसेवा हक्क कायद्यात विलंबासाठी पदनिर्देशित अधिकाऱ्याला दंडाची तरतूद आहे. सर्व्हर हा पदनिर्देशित अधिकारी नसल्यामुळे तो सुटतो, आणि त्याच्या आडून बाकीचेही सुटतात.

गर्दी कमी करण्याचा एक मार्ग तर यंत्राला हातही न लावता मोकळा आहे. केंद्राच्या ८० वर्षांवरील निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला नोव्हेंबरऐवजी १ ऑक्टोबरपासून देण्याची मुभा २०१९ साली मिळाली. अकरावीच्या मुलांना जिल्हावार दिवस वाटून देणे यापेक्षा अवघड नाही. पण एकच मुहूर्त आणि एकच अंतिम तारीख यांची आपल्या नोकरशाहीला इतकी सवय आहे की शेवटच्या दिवशी मुदतवाढ जाहीर करणे हाच तिचा भारव्यवस्थापनाचा शास्त्रशुद्ध मार्ग होऊन बसला आहे.

तेव्हा आमची मागणी अशी आहे. जी सेवा केवळ ऑनलाइनच मिळेल असे शासन ठरविते, तिची भारचाचणी सक्तीच्या आदेशापूर्वी व्हावी, आणि ती यंत्रणा बांधणाऱ्या कंत्राटदाराने न करता स्वतंत्र संस्थेने करावी. केंद्राचे एसटीक्यूसी संचालनालय अशा तपासणीचेच काम करते. आपली अभियांत्रिकी महाविद्यालयेही याकामी का येऊ नयेत? चाचणीची आज्ञावली आणि निकाल माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ खाली आपण होऊन प्रसिद्ध करावेत; मुक्त हत्यारे वापरल्यास ती चाचणी दुसऱ्यालाही पडताळता येते, हा त्यांचा मोठा गुण आहे. आणि चाचणीत उत्तीर्ण होईपर्यंत कागदी अर्जाची खिडकी बंद करू नये.

उत्साही तरुण कार्यकर्त्यांसाठी एक सूचना. ही हत्यारे फुकट आहेत म्हणून शासनाच्या चालू संकेतस्थळावर ती परस्पर चालवून पाहू नयेत. परवानगीवाचून पाठविलेली काल्पनिक गर्दी आणि हल्ला यांत यंत्राला फरक कळत नाही, माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली तो गुन्हा ठरू शकतो, आणि त्या वेळी रांगेत असलेल्या खऱ्या माणसाची जागा आपण अडविलेली असते. शिकावयाचे तर आपल्याच संगणकावर एक छोटे संकेतस्थळ उभारून त्यावर शिकावे. शासनाकडे मात्र अर्ज करावा. प्रवेश, शिष्यवृत्ती, पीकविमा यांपैकी आपल्या तालुक्यात ज्याची रांग मोठी, त्या यंत्रणेची भारचाचणी कोणी, केव्हा, किती माणसांच्या भाराने केली आणि ९५व्या माणसाला किती वेळ लागला, एवढे चारच प्रश्न त्यात लिहावेत. आलेले उत्तर, किंवा उत्तर आले नाही ही गोष्ट, आमच्याकडे कळवावी. आम्ही ती याच पानावर छापू.