सरांची तक्रार सरांकडेच

एका कबड्डी मंडळाचा मी नऊ वर्षे कार्यवाह होतो. त्या काळातली एक संध्याकाळ डोक्यातून जात नाही. मॅटवर किशोरी गटाचा सराव चालला होता आणि एका मुलीची आई चपला हातात घेऊन कडेला उभी होती. आवाज खाली आणून म्हणाली, "दादा, माझं नाव सांगू नका, पण पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही." किशोर गटाला वयाबरोबर वजनाचीही अट असते. स्पर्धा पंधरा दिवसांवर आली होती, मुलगी दीड किलोने जास्त भरत होती, आणि सर रोज सगळ्या संघादेखत तिला काट्यावर उभी करून आकडा मोठ्याने वाचत होते. आकड्याच्या मागे जे शब्द यायचे ते छापण्यासारखे नाहीत. मी म्हणालो, "काळजी करू नका ताई, सरांशी बोलतो." आणि बोललोही. नाव घेतले नाही, पण काट्यावर उभी राहणारी मुलगी एकच होती. पुढच्या सामन्यात ती पहिल्या सातात नव्हती. महिन्याभराने मंडळातच नव्हती.

माझ्या मनात काही वाईट नव्हते. मंडळाचा जो रिवाज, त्याप्रमाणे मी वागलो. सरांची तक्रार आली की सरांच्या कानावर घालायची, सर समजूतदार असतात, मिटते. माझे भांडण या रिवाजाशी आहे. जो मुलाला संघात घेतो किंवा वगळतो, त्याच्याच हातात तक्रार जात असेल तर ती तक्रार नव्हे. ती मुलाविरुद्धची चहाडी ठरते.

माझ्या जुन्या सहकाऱ्यांना हे पटत नाही. त्यांचा पूर्वपक्ष हलका नाही, म्हणून तो नीट मांडतो. ते म्हणतात, मंडळ हे घर आहे. वस्तीतल्या पोरांना बूट मंडळ घेऊन देते, परीक्षेची फी कधी कधी सरच भरतात, दिवसभर नोकरी करून संध्याकाळी फुकट शिकवतात. अशा माणसाविरुद्ध तक्रारींची वही उघडायची? घरातले घरात मिटवावे, झाकली मूठ सव्वा लाखाची.

ठीक. पण घरात निवड चाचणी नसते. घरातल्या काकाच्या सहीने कुणाला दहावीचे क्रीडागुण मिळत नाहीत. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. त्या वाटेवरचे पहिले पाऊल जिल्ह्याच्या संघात पडते, आणि जिल्ह्याच्या चाचणीला कोणाला पाठवायचे ते मंडळात ठरते. कामगाराच्या घरातल्या मुलीसाठी त्या कागदाची किंमत काय, हे तिच्या आईला माझ्यापेक्षा चांगले कळत होते. म्हणून तर ती नाव सांगू नका म्हणत होती. आणि आपण तरी स्वतःला घर कधी म्हणवतो? 1860 च्या कायद्याखाली आणि 1950 च्या विश्वस्त कायद्याखाली आपली नोंदणी आहे, कार्यकारिणी बदलली की धर्मादाय कार्यालयात बदल अहवाल जातो, हिशोब तपासून घ्यावे लागतात. अनुदान मागताना आपण संस्था असतो. तक्रार आली की लगेच कुटुंब होतो.

दुसरा आक्षेप शिस्तीचा. "असं प्रत्येक गोष्टीला विचारायला लागलात तर खेळाडू घडणार कसे? आम्ही मार खाऊनच शिकलो." मार खाऊन शिकलेले आपल्याला दिसतात. मार खाऊन घरी बसलेले मोजायला कुणी गेलेले नाही. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचे 17 वे कलम शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करते. म्हणजे तेरा वर्षांच्या मुलाला सकाळी अकराला वर्गात हात लावता येत नाही, आणि संध्याकाळी सहाला त्याच शाळेच्या मैदानावर शिट्टीच्या दोरीने फटका दिला तर ती शिस्त? मैदान कायद्याच्या बाहेर आहे असाही समज नको. ताब्यातल्या मुलाला मारणे, त्याला विनाकारण शारीरिक वा मानसिक क्लेश होतील असे वागणे, याला 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या 75 व्या कलमात शिक्षा आहे, आणि ते कलम शाळेपुरते नाही.

कठोर सराव आणि अपमान यांतला फरक मुलांना चटकन कळतो. चढाईत पाय चुकला म्हणून तीच चढाई पन्नास वेळा करायला लावणारे सर मुलांना आवडतात, हे मी पाहिले आहे. पकड सुटली म्हणून पाणी बंद करणारे आवडत नाहीत, फक्त त्यांची भीती वाटते. ब्रिटनमध्ये जिम्नॅस्टिक्समधल्या गैरवर्तनाची चौकशी झाली, तिचा अहवाल 2022 साली आला. ॲन व्हाइट यांच्या त्या चौकशीकडे 400 हून अधिक निवेदने आली आणि त्यांतल्या 40 टक्क्यांहून जास्त निवेदनांत शारीरिक छळाचे वर्णन होते. वजन करण्याच्या नावाखाली चाललेली मानखंडना हा त्या अहवालातला एक मोठा भाग आहे. तो वाचताना मला आमचा काटा आठवत राहिला. देश वेगळा, खेळ वेगळा, काटा तोच.

तिसरा आक्षेप वरवर सर्वांत न्याय्य दिसतो आणि तोच सर्वांत घातक आहे. "लेखी द्या, सही करा, पुरावा आणा, मग बघू." अमेरिकेत हे शेवटपर्यंत ताणून पाहिले गेले आहे. इंडियानापोलिसच्या एका दैनिकाने 2016 मध्ये उघड केले की तिथल्या जिम्नॅस्टिक्स संघटनेकडे दहा वर्षांत 54 प्रशिक्षकांविरुद्धच्या तक्रारींच्या फायली जमल्या होत्या, आणि पीडित मुलीची किंवा पालकाची सही नसेल तर ती तक्रार ऐकीव म्हणून बाजूला ठेवण्याची तिथे पद्धत होती. त्या बातमीनंतर डॉक्टर लॅरी नासर याचे लैंगिक अत्याचारांचे प्रकरण बाहेर आले. त्याच्याबद्दल दोन मुलींनी 1997 मध्येच आपल्या प्रशिक्षिकेला सांगितले होते, असे पुढे साक्षीत आले. त्याला शिक्षा झाली 2018 च्या जानेवारीत, तेव्हा दीडशेहून अधिक जणी न्यायालयात बोलल्या. मधल्या वीस वर्षांत सही मागणारे सगळे नियमानेच वागत होते.

आपला कायदा तर इथे मंडळाला चौकशीचा अधिकारच ठेवत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाशी लैंगिक गैरवर्तन झाल्याचे कळले, किंवा तसे होईल अशी नुसती धास्ती वाटली, तरी 2012 च्या पोक्सो कायद्याच्या 19 व्या कलमाने पोलिसांना कळवणे प्रत्येकाला बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने कळवला नाही, तर 21 व्या कलमात त्याला एक वर्षापर्यंत कैद आहे. कळवणाऱ्याने सद्भावनेने कळवले असेल तर त्याच्यावर ठपका येत नाही. हे माहीत नसलेले अध्यक्ष मी किती पाहिले! मंडळाच्या खोलीत नगरसेवकाला मध्ये बसवायचे, एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला मुलीचे वडील, चहा मागवायचा आणि "झालं गेलं विसरा" म्हणून हात मिळवायला लावायचे. समजूतदारपणा म्हणून मिरवला जाणारा हा समेट खुद्द गुन्हा दडवणे आहे. पोलिसांकडे जाणे सोपे असते असे मी म्हणणार नाही. 2024 च्या ऑगस्टमध्ये बदलापुरात शाळेत अत्याचार झालेल्या चिमुरड्यांच्या पालकांना तक्रार नोंदवण्यासाठी तासन्‌तास ताटकळावे लागले, हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. नेमके त्यासाठीच मंडळाचा माणूस पालकांसोबत ठाण्यात गेला पाहिजे, त्यांची वाट अडवायला नव्हे. चाइल्डलाइनचा 1098 हा क्रमांक मंडळाच्या भिंतीवर, अध्यक्षांच्या फोटोपेक्षा मोठ्या अक्षरात असायला काय हरकत आहे?

आता खोट्या तक्रारींकडे. हा आक्षेप मी हसून उडवणार नाही, कारण खोट्या तक्रारी येतात. शेजारच्या मंडळाशी वैर असते, मुलाला पहिल्या सातात घेतले नाही म्हणून वडील पेटलेले असतात, पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीत सरांनी भलत्याच बाजूला हात वर केलेला असतो. मी स्वतः अशी एक तक्रार हाताळली. सरांनी आपल्या मुलाला "घाबरट" म्हटले असे एका वडिलांचे म्हणणे होते. दोन मुलांना, सहायक प्रशिक्षकाला आणि सरांना वेगवेगळे विचारले. शब्द दुसऱ्याच मुलाने वापरला होता. प्रकरण चार दिवसांत संपले. पण त्याआधी दोन आठवडे कोपऱ्यावरच्या टपरीवर आणि व्हॉट्सॲपच्या तीन गटांत सर दोषी ठरून मोकळे झाले होते. म्हणजे निरपराध सरांना बदनाम केले ते कुजबुजीने, आणि कुजबुज तिथेच वाढते जिथे बोलायला दुसरी जागा नसते. तक्रार लिहून घेतली असती तर ती कुणी केली, कधी केली, काय निघाले हे कागदावर राहिले असते, आणि सर सुटले हेही सभेत वाचून दाखवता आले असते. प्रामाणिक प्रशिक्षकाला वहीची गरज तक्रार करणाऱ्यापेक्षा जास्त आहे.

हेही स्पष्ट सांगतो, की संघात का घेतले नाही, बदली खेळाडू म्हणून उशिरा का उतरवले, ही वर्तनाची तक्रार नव्हे. ती वहीत घ्यायची नाही. पालकांना राग येईल, येऊ दे. उलट सामना चालू असताना कडेवरून पंचाला आईवरून शिव्या देणारा बाप मात्र वहीत आलाच पाहिजे. मोठी मुले लहानांना कपडे धुवायला लावतात तेही. वर्तन म्हटले की बोट फक्त सरांकडे दाखवायचे, ही दुसऱ्या टोकाची चूक आहे, आणि सुधारणावादी मंडळी ती आनंदाने करतात. कुठून तरी चाळीस पानी धोरण उतरवून घ्यायचे, वर संस्थेचे बोधचिन्ह लावायचे, कपाटात ठेवायचे. त्या कपाटाची किल्ली बहुधा सरांकडेच असते.

"हे मोठ्या संघटनांचे काम, आमच्या पत्र्याच्या खोलीतल्या मंडळाला कसे जमणार?" मोठ्यांचे काय झाले ते आठवा. 2023 च्या जानेवारीत देशाच्या नामवंत कुस्तीपटू दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या, त्यांत रिओ ऑलिंपिकमधले पदक मिळवलेली साक्षी मलिक होती. त्यांच्या लैंगिक छळाच्या आरोपांचे काय करायचे ते न्यायालय पाहील. मला दाराविषयी बोलायचे आहे. कायद्याने सक्तीची अंतर्गत समिती कुस्ती महासंघात धड नव्हती, असे त्या गदारोळात समोर आले, आणि मे महिन्यात राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने अनेक क्रीडा महासंघांना याच कारणासाठी नोटिसा काढल्या. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा तो कायदा 2013 चा आहे. त्यात कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत क्रीडासंस्था, मैदान, स्पर्धेची जागा स्वच्छ लिहिलेली आहे, आणि पीडित स्त्री कोणत्याही वयाची, नोकरीत असो वा नसो, चालते. दहापेक्षा कमी माणसे कामाला असलेल्या संस्थेसाठी जिल्ह्याला स्थानिक समिती आहे. म्हणजे लहान मंडळासाठी दार सरकारने करून ठेवले आहे. ते कुठे आहे हे मुलींना सांगण्याएवढेच आपले काम. राष्ट्रीय क्रीडा प्रशासनाचा 2025 चा कायदा महिला आणि अल्पवयीन खेळाडूंच्या सुरक्षिततेचे धोरण मागतो, पण तो वरच्या संघटनांसाठी. तो झिरपत वस्तीपर्यंत येण्याची वाट पाहायची तर आजच्या किशोरी प्रौढ गटात जातील.

मग करायचे काय? माझे मंडन आखूड आहे. तक्रार घ्यायला दोन माणसे नेमा, त्यांत एक बाई, आणि दोघांचाही निवड समितीशी, प्रशिक्षणाशी, सरांच्या नात्यागोत्याशी संबंध नको. वस्तीतली निवृत्त मुख्याध्यापिका, अंगणवाडीताई, बँकेतला माणूस, कुणीही चालेल. कबड्डी कळायला हवी असे नाही. न कळलेली बरी. तोंडी तक्रारही चालेल, ती लिहून घेण्याचे काम त्यांचे. तक्रार हाती आली की पहिला प्रश्न एवढाच, की हे पोलिसांचे आहे का? असेल तर त्याच दिवशी ठाणे. मंडळाने एकही साक्ष घ्यायची नाही. नसेल तर सरांना आरोप लेखी द्यायचा, त्यांचे म्हणणे ऐकायचे, चौदा दिवसांत निकाल लिहायचा आणि तो तक्रार करणाऱ्यालाही कळवायचा. हे शेवटचे सगळे विसरतात. आईने तक्रार केली, पुढे काय झाले तिला कुणी सांगितलेच नाही, की तिच्या लेखी काहीच झालेले नसते. निकाल लागेपर्यंत त्या मुलीच्या निवडीचा निर्णय सरांनी एकट्याने घ्यायचा नाही. तिला वगळायचे असेल तर दुसऱ्या प्रशिक्षकाने कारण लिहून द्यावे.

एक बाब जिल्ह्यांतल्या संघटनांना आवडणार नाही. एका मंडळातून "वैयक्तिक कारणास्तव" बाहेर पडलेले सर महिन्याभरात पाच किलोमीटरवरच्या मंडळात शिट्टी वाजवत असतात, आणि नव्या मंडळाला कुणी काही सांगत नाही, कारण आपली पीडा गेली याचाच आनंद असतो. नव्या मंडळाने जुन्याला विचारावे आणि जुन्याने वहीत जे आहे तेवढेच, सिद्ध झालेले, लेखी सांगावे. आणखी एक: मुलींचा संघ बाहेरगावी गेला की मुक्काम बहुधा शाळेच्या वर्गखोल्यांत असतो. तिथे बाई व्यवस्थापक नसेल तर संघ निघता कामा नये, मग स्पर्धा राज्याची का असेना.

गेल्या वर्षी आमच्या मंडळाच्या सर्वसाधारण सभेत ही व्यवस्था सात मतांनी मंजूर झाली. विरोधात पाच होती, सर तटस्थ राहिले. आता वही एका निवृत्त शिक्षिकेकडे असते. मी कार्यवाह नाही, पण संघाबरोबर अजून जातो. पहिली नोंद माझ्याच विरुद्ध आली: व्यवस्थापक बाई आजारी पडल्या असताना चौदा किशोरींचा संघ मी टेम्पोत घालून बाहेरगावी नेला, परतायला रात्रीचे दीड वाजले, आणि एकाही घरी फोन केला नव्हता. शिक्षिकाबाईंनी नोंदीची प्रत माझ्या हातात दिली. उत्तराला चौदा दिवस होते. मी तेराव्या दिवशी लिहिले, आणि त्या चौदाही घरी जाऊन आलो.