गाणं आपल्या पट्टीतलं

कोजागिरीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दोन गोष्टी ठरलेल्या. मसाला दूध आणि कराओके. दूध आटेपर्यंत स्पीकर, माईक, लॅपटॉप असा सगळा जामानिमा मांडून होतो आणि मग सुरू होतं, ‘‘तू म्हण ना!’’ ‘‘छे गं, मला कुठं येतंय?’’ माईक हातोहात फिरतो, निखारा असल्यासारखा, आणि शेवटी नेहमीच्या चौघींकडे जाऊन थांबतो. त्या छान गातात, प्रश्नच नाही. पण बाकीच्या वीस-बावीस जणी वर्षानुवर्षं नुसत्या टाळ्या वाजवायला. मीही त्यांतलीच.

माझं कारण जुनं आहे. पाचवीत १५ ऑगस्टच्या समूहगीताला मी हौसेनं उभी राहिले होते. बाई ओळीतून कान देत फिरल्या, माझ्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘तू नुसते ओठ हलव.’’ झालं! ते व्रत मी चाळीस वर्षं पाळलं. आरतीत सगळ्यांच्या आवाजाखाली आपला आवाज दडवायचा. लेकीला अंगाई म्हणायची, तीसुद्धा खोलीचं दार लोटून. गंमत म्हणजे भाजी निवडताना मी मजेत गुणगुणायचे आणि तेव्हा काही बिघडायचं नाही. हे कोडं काही सुटत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या वहिनींनी माईक हातात कोंबलाच. मी निवडलं ‘लग जा गले’. संथ आहे, म्हणजे सोपं असणार, असा माझा हिशेब. मुखडा कसाबसा निभावला. अंतरा वर चढला आणि माझा आवाज असा चिरकला, की मागच्या खुर्च्यांवरून हसणं ऐकू आलं. ‘घसा बसलाय’ म्हणत मी दूध ओतायला पळाले.

माझी भाची त्या रात्री आमच्याकडेच होती. ती थोडं गाणं शिकलेली. सकाळी चहा घेताना म्हणाली, ‘‘मावशी, तुझा आवाज वाईट नाहीये गं. तू दुसरीच्या पट्टीत गात होतीस.’’

मग तिनं जे सांगितलं, ते मला पाचवीत कुणी सांगितलं असतं तर! लताबाईंची पट्टी उंच. स्वयंपाकघरात आपण तेच गाणं नकळत आपल्या गळ्याला झेपेल तिथून सुरू करतो. कराओकेचा ट्रॅक मात्र बहुतेकदा मूळ गाण्याच्या पट्टीत असतो. तो सुरू झाला की आपल्याला त्या उंचीवर चढावंच लागतं. त्यात पन्नाशीच्या पुढे, पाळी गेल्यावर, बाईचा आवाज थोडा खाली उतरतो. म्हणजे विशीत जमायचं ते गाणंही आता ताणल्यासारखं वाटतं. आपण मात्र दोष देतो गळ्याला.

उपाय एका बटणाचा आहे. कराओकेच्या बऱ्याच ॲपमध्ये ‘की’ किंवा ‘पिच’ असं लिहिलेलं अधिक-उण्याचं बटण असतं. एकदा उणे दाबलं की ट्रॅक एका सुरानं, म्हणजे पेटीवरच्या शेजारच्या काळ्या किंवा पांढऱ्या पट्टीवर, खाली येतो. दोन ते चार वेळा दाबलं की बहुतेकींना मोकळं वाटतं. पुरुषांची गाणी घेतली तर उलट, चार-पाच सूर वर न्यावी लागतात. मुकेशची गाणी अशी वर घेऊन बघा, छान जमतात.

‘‘पण ही फसवणूक नाही का?’’ वहिनींनी विचारलंच. अहो, कराओकेचा जन्मच मुळी यातून झालाय! हे यंत्र १९७१ मध्ये जपानमधल्या कोबे शहरात दाइसुके इनोऊए यांनी तयार केलं. ते साथसंगत करणारे वादक. बेतास बात गाणाऱ्या एका गिऱ्हाइकाला सहलीत चारचौघांत गायचं होतं आणि यांना सोबत जाता येत नव्हतं. मग त्याला जमेल अशा बेतानं साथ वाजवून त्यांनी टेपच करून दिली. त्याच अनुभवातून पुढे यंत्राची कल्पना आली. बिचाऱ्यांनी पेटंटही घेतलं नाही. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या आपल्या आज्यांना तरी कोण पट्टी ठरवून देत होतं? जिथून सूर लागेल तिथून सुरुवात, आणि चाल चार-पाच सुरांतली.

आता गाणं निवडायचं कसं? संथ म्हणजे सोपं, हा माझा समज पहिला काढून टाका. संथ गाण्यात सूर लांबवर धरावा लागतो, दम लागतो आणि आवाज जरा थरथरला तरी कळतो. मध्यम लयीचं, तुटक ओळींचं गाणं सांभाळून घेतं. दुसरं, मुखड्यावर भाळू नका. घरी आधी अंतऱ्यातली सगळ्यांत उंच ओळ म्हणून बघा. तिथे मान वर गेली, भुवया चढल्या, की ट्रॅक खाली घ्या, नाहीतर गाणं बदला.

अगदी पहिल्यांदाच उभी राहणार असाल तर मी खुशाल ‘नाच रे मोरा’ सुचवीन. ‘देवबाप्पा’ (१९५३) मधलं, गदिमांचे शब्द आणि पु. लं.ची चाल. दोन ओळींत अख्खी गच्ची तुमच्या मागून म्हणायला लागते, तुमचा आवाज कुणाला वेगळा ऐकूच येत नाही. मग ‘अजीब दास्ताँ है ये’, झुलती लय आणि फिरून फिरून येणारी चाल. तेही दोन-तीन सूर खाली. गीता दत्तचं ‘बाबूजी धीरे चलना’ तर बोलल्यासारखं म्हणता येतं. एकटीनं भीती वाटत असेल तर ‘मेरे पिया गए रंगून’ घ्या. शमशाद बेगम आणि आपले पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांचं ते द्वंद्वगीत, अर्धा भार दुसऱ्यावर. त्यात नाजूकपणापेक्षा खणखणीतपणा हवा, तो बाजारहाट करणाऱ्या कुठल्याही बाईकडे असतोच. हृदयनाथ मंगेशकरांच्या चाली मात्र तूर्त ऐकायच्या. पहिल्याच दिवशी त्यांच्या वाटेला जाऊ नये.

आणि हो, गाण्याला गुण देणारं ॲप असेल तर ते गुण आधी बंद करा. हौसेला मार्क कशाला?

ज्यांना ‘तुझा आवाज पुरुषी आहे’ म्हणून गप्प केलं गेलंय, त्यांच्यासाठी एकच सांगते. आवाज इतरांत बसत नाही म्हणून शाळेत गाण्याच्या वर्गातून उषा उथुप यांना बाहेर काढलं होतं, असं त्या स्वतः सांगतात. २०२४ मध्ये त्यांना पद्मभूषण जाहीर झालं. आपल्याला पद्मभूषण नकोय. एका रात्री तीन मिनिटं माईक हवाय, एवढंच.

मागच्या कोजागिरीला मी ‘अजीब दास्ताँ’ म्हटलं, तीन सूर खाली. सुरुवातीचे शब्द चुकले, एका ओळीला उशिरा शिरले. कुणी हसलं असेल तर मला ऐकू आलं नाही. खाली आल्यावर वहिनींनी बाजूला घेऊन विचारलं, ‘‘अहो, ते बटण मला दाखवता का?’’ आता त्यांच्या दुधाच्या हिशेबाच्या वहीत शेवटच्या पानावर गाण्यांची यादी आहे. ‘बाबूजी’पुढे पेन्सिलीनं लिहिलंय, उणे चार.