आधी कागद, मग पान्हा

गेल्या महिन्यात एका वाचक मैत्रिणीचं चार पानी पत्र आलं. तालुक्याच्या गावाला राहतात. यजमान जाऊन दीड वर्ष झालं. घरामागे त्यांची जुनी पिकअप उभी आहे, टाटामोबाइल. चाकांतली हवा गेलेली, हौद्यात चिंचेचा पाला साचलेला, बॉनेटखाली उंदरांचा संसार! दीर म्हणतात, भंगारवाला वजनावर घेतोय, देऊन टाका. सासूबाई काहीच बोलत नाहीत. बारावी झालेली लेक मात्र म्हणते, ‘आई, आपण घरीच दुरुस्त करू या. माझी मैत्रीण आयटीआयला आहे, ती दाखवेल.’ पत्राच्या शेवटी बाईंनी विचारलंय, ‘आम्ही मायलेकींनी गाडीखाली शिरणं बरं दिसेल का? लोक हसतील का?’

हसतील. मीसुद्धा हसले होते.

माझं माहेर नाशिक जिल्ह्यातलं, कांद्याचं. वडिलांनी, म्हणजे आमच्या दादांनी, सेकंडहँड टाटामोबाइल घेतली होती. तिच्यातून लासलगावच्या मार्केटला कांदा जायचा, येताना पेंड आणि किराणा यायचा. लग्नकार्याला निघालो की आम्ही सगळ्या बायका मागे हौद्यात, सतरंजी टाकून. आई वीस वर्षं त्या गाडीत बसली, पण तिला हँडल माहीत ते डावीकडच्या दरवाजाचं. दादा २०१७ साली गेले आणि गाडी जिथे होती तिथेच राहिली. भाऊ पुण्याला नोकरीला. २०२१च्या हिवाळ्यात वहिनीचा फोन आला, ‘ताई, मी गाडी खोलायला घेतलीय.’ मी म्हटलं, ‘अगं, ते काय शिलाई मशीन आहे?’ ती म्हणाली, ‘मशीनच आहे ना!’

आजच्या मुलींना टाटामोबाइल हे नाव कदाचित ओळखीचं नसेल. टेल्कोने १९८८ साली ही पिकअप बाजारात आणली. पुढे कारसारखी केबिन, मागे मालाचा हौदा, दोन लिटरपेक्षा जरा लहान डिझेल इंजिन. त्याआधी शेतकऱ्याला मालासाठी एक तर ट्रक, मेटाडोर नाहीतर जीपला जोडलेली ट्रॉली. याच गाडीच्या सांगाड्यावर कंपनीने १९९१ साली सिएरा आणि १९९२ साली इस्टेट ह्या कार केल्या. टेल्कोचं नाव बदलून टाटा मोटर्स झालं ते २००३ साली. आणि हो, हीच ती टेल्को, जिच्या नोकरीच्या जाहिरातीत १९७४ साली ‘महिलांनी अर्ज करू नयेत’ असं छापलं होतं! बंगळुरूला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णींनी ते वाचून थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकलं, पुण्याला मुलाखतीचं बोलावणं आलं आणि त्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून लागल्या. आज आपण त्यांना सुधा मूर्ती म्हणून ओळखतो. पोस्टकार्डाने एक दार उघडलं. आपल्या घरामागचं दार मात्र अजून पुरतं उघडलेलं नाही.

वहिनीला शिकवायला गावातले एक म्हातारे मिस्तरी दर रविवारी यायचे. पहिल्या रविवारी त्यांनी चावीला हातच लावू दिला नाही. चार वर्षं उभ्या असलेल्या डिझेल गाडीला स्टार्टर मारायचा नसतो. टाकीच्या तळाशी पाणी साचलेलं असतं, ते पंपात आणि नोझलमध्ये गेलं तर खर्च कुठल्या कुठे जातो. आधी जुनं डिझेल काढलं, वर पिवळं आणि खाली चहासारखं गढूळ! मग जुनं ऑइल काढून नवं भरलं, पुलीला पान्हा लावून इंजिन हातानेच हळूहळू फिरवून बघितलं, अडकलेलं नाही याची खात्री केली. नवे फिल्टर बसवले, पाइपमधली एअर काढली. बेर्टा बेंझ या जर्मन बाईंची गोष्ट इथे आठवते. १८८८ साली दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याच्याच नव्या मोटारीतून त्या मानहाइमहून माहेरी निघाल्या. वाटेत इंधनाची नळी तुंबली तेव्हा त्यांनी टोपीची पिन काढून ती साफ केली. मोटारीचा जगातला पहिला लांबचा प्रवास एका बाईने केला आणि वाटेतली दुरुस्तीही तिनेच केली, हे आपल्याला कुणी शाळेत शिकवत नाही.

घरी काय होतं आणि काय होत नाही, हे आधी ठरवावं लागतं. वायरी उंदरांनी खाल्ल्या होत्या, त्या एकेक करून बदलता आल्या. थंडीत इंजिन उठवणारे हीटर प्लग बॅटरी लावून एकेक तपासता आले. वहिनीने नट-बोल्टांसाठी मसाल्याचा जुना डबा काढला, प्रत्येक वाटीत चिठ्ठी, ‘डावा दरवाजा’, ‘बंपर’, ‘हे कशाचे माहीत नाही’. शेवटच्या वाटीत अजून तीन बोल्ट आहेत! काहीही खोलण्याआधी मोबाइलवर फोटो काढायचा, हे मात्र तिला तिच्या सातवीतल्या मुलाने शिकवलं. आई पॉलिश पेपर घेऊन हौद्यापाशी बसायची. जिने जन्मभर चिंच लावून तांब्या-पितळेची भांडी घासली, तिला पत्रा कुठपर्यंत घासायचा हे सांगावं लागत नाही. एवढंच की घासून उघडा पडलेला पत्रा रात्रभर तसा ठेवायचा नाही, दव पडलं की सकाळी पुन्हा तांबूस. त्याच संध्याकाळी रेड ऑक्साइडचा हात. डिझेल पंप आणि नोझल मात्र पंपवाल्याकडेच दिले, त्याला मशीन लागतं. केबिनचा तळ सडला होता, तिथलं वेल्डिंग डेंटरनेच केलं. त्यात कमीपणा काही नाही, घरी पुरणपोळ्या करणारी बाईसुद्धा गहू गिरणीतच देते.

पत्रलेखिका मैत्रिणीच्या लेकीसाठी काही गोष्टी ठळकपणे सांगते. जॅक गाडी उचलायला असतो, उचलून धरायला नाही. खाली शिरायचं तर लोखंडी स्टँड किंवा जाड लाकडी ठोकळे हवेतच, विटा तर अजिबात नकोत, त्या एकदम फुटतात. जुन्या ब्रेक-लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ती धूळ फुंकून उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची आणि नाकाला मास्क. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही. बॅटरीजवळ हातात धातूच्या बांगड्या, अंगठी नको, दोन टोकांना चिकटली तर क्षणात लाल होते. वहिनीच्या मंगळसूत्रावरून घरात पहिल्या दिवशी चर्चा झाली होती. शेवटी सासूनेच, म्हणजे माझ्या आईने, ते तिच्या गळ्यातून काढून देवघरात ठेवलं आणि म्हणाली, ‘संध्याकाळी घाल.’ आणि इंजिनाच्या आधी ब्रेक! चालणारी गाडी थांबली नाही तर काय उपयोग? ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, चाकातले सिलिंडर आतून गंजून अडकतात. आमचे चारही बदलावे लागले. टायरची नक्षी छान दिसत होती, पण बाजूने भेगा, तेही गेले. एकूण खर्चाचा मोठा घास टायर आणि बॅटरीनेच खाल्ला.

आता आमच्या घरची चूक सांगते, कारण हे सगळं लिहिण्याचं कारणच ती आहे.

होळीच्या सुमारास गाडी सुरू झाली. धूर निघाला, मुलं ओरडली, आईने नारळ फोडला. आणि पंधरा दिवसांत आमचे एक चुलत काका आले, ‘बायकांना काय करायचीय गाडी, या हंगामापुरती नेतो.’ घेऊन गेले! वर्षभर जिच्या अंगावरचा गंज सासू-सुनेने घासला ती गाडी त्यांच्या दारात. आणि बोलायला आमच्याकडे तोंड नव्हतं, कारण आरसी बुकावर नाव अजून दादांचंच. विमा कधीच संपलेला, फिटनेसही. काका त्यात माल भरून हायवेला जात होते. कुणाला ठोकर लागली असती तर कोर्टाचा कागद कुणाच्या दारात आला असता? कागदोपत्री मालक असलेल्या दादांच्या, म्हणजे आईच्याच! मला आजही त्या दोन महिन्यांची भीती वाटते. शेवटी एका सकाळी वहिनी दुसरी चावी घेऊन गेली आणि गाडी घरी घेऊन आली. पाऊण किलोमीटर. विम्याशिवाय चालवली हे चुकलंच तिचं. पण तिला रागावायला मला जमलं नाही.

म्हणून बाई, पान्ह्याच्या आधी कागद. वाहनमालक वारला तर वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. मृत्यूचा दाखला, आरसी, विमा आणि बाकी वारसांची संमती लागते. तुम्हाला दीड वर्ष झालं, आम्हाला तर चार वर्षं झाली होती. उशिराचा दंड पडतो, पण दार बंद होत नाही. विमाही नव्या मालकाच्या नावावर घ्यावा लागतो, ते लोक विसरतात. नव्या गाडीला २०२१ पासून आरसीवर वारस म्हणून नाव लावता येतं, ते घरोघरी लावून घ्यायला हवं, बँकेच्या खात्याला लावतो तसंच.

आणि दिरांचं. हिंदू वारसा कायदा १९५६चा. मृत्युपत्र नसेल तर नवऱ्याच्या मालमत्तेवर पत्नी, मुलं, मुली आणि त्याची आई यांचा सारखा हक्क. हे वारस असताना भावाचा हिस्सा येत नाही. म्हणजे भंगारवाल्याला हो म्हणायचं की नाही, हे ठरवणाऱ्या तुम्ही, तुमची मुलं आणि त्या गप्प बसलेल्या सासूबाई. त्यांच्याशी बोला. त्या का गप्प आहेत, हे मला माझ्या आईवरून थोडंफार कळतं. त्यांच्या लेकाची गाडी आहे ती.

चालवायचा प्रश्न तर सुटलेलाच आहे. तुमच्याकडे कार चालवायचं साधं एलएमव्ही लायसन्स असेल तर साडेसात हजार किलोच्या आतलं मालवाहू वाहनही त्यावर चालवता येतं, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४मध्ये पक्कं केलं. ही पिकअप त्याच्या कितीतरी आत बसते. पिवळ्या पाटीची असेल तर मात्र दर वर्षी फिटनेस करून घ्यावा लागेल, थकलेला कर भरावा लागेल. ‘व्हिंटेज म्हणून नोंदवा, सगळी कटकट मिटेल’ असं कुणी सांगेल, आम्हालाही सांगितलं होतं. त्या २०२१च्या नियमात गाडी पन्नास वर्षांची आणि खासगी वापराचीच लागते, शिवाय रोजच्या कामाला रस्त्यावर काढता येत नाही. १९८८ची पहिली टाटामोबाइलसुद्धा २०३८ला पन्नाशीची होईल!

पण उगाच भरीलाही घालत नाही. प्रत्येक जुनी गाडी वाचवण्यासारखी नसते. चासीवर जागोजागी हातोडी मारून बघा. टणटण वाजली तर ठीक. थप्प आवाज येऊन पापुद्रे पडले तर तिच्यात पैसा घालू नका, नवऱ्याची आठवण म्हणून तर मुळीच नको, सडलेल्या चासीवर लेकीला बसवायचं नाही. मग ती नोंदणीकृत भंगार केंद्रातच द्या आणि तिथला दाखला घेऊन आरसी रद्द करून घ्या. गल्लीतल्या भंगारवाल्याला वजनावर दिली तर सरकारदरबारी ती तुमच्या यजमानांच्या नावावर तशीच राहते, नंबरपाटी कुठे फिरेल सांगता येत नाही.

लोक हसण्याचं विचारलंत. आमच्याकडे सगळ्यात जास्त हसलेले शेजारचे गृहस्थ आता आठवड्याच्या बाजाराला भाजीची क्रेट वहिनीच्या गाडीतून पाठवतात. भाडं देताना घासाघीस करतात, ते वेगळं. आणि आई आता उजवीकडचा दरवाजा उघडून पुसते, आत बसून स्टिअरिंगही पुसते. चालवायला शीक म्हटलं तर म्हणते, ‘पासष्टाव्या वर्षी?’ पण उतरायची घाई करत नाही.

वहिनीचा निरोप आहे. आरटीओच्या फॉर्मचं काही अडलं तर विचारा, तिला आता सगळे टेबल पाठ आहेत. आणि शेवटी गाडी भंगारातच द्यायची ठरलं, तर डाव्या बाजूचा मागचा दिवा शाबूत आहे का तेवढं बघा. आमचा फुटलाय, आणि नाशिकपासून पुण्यापर्यंत कुठे मिळत नाहीये.