ओके म्हणजे नक्की काय, बॉस?

आपल्या ऑफिसात सगळ्यात जास्त राबणारा शब्द कुठला? माझं मत 'ओके'ला. बॉसने डेडलाइन सांगितली, ओके. सिनेमा कसा होता? ओके, म्हणजे तिकिटाचे पैसे वाया. आमच्या धंद्यात पान 'ओके' झालं की थेट छापायला जातं. आणि भांडणानंतर आलेला नुसता 'के'? त्याबद्दल न बोललेलंच बरं!

गंमत म्हणजे हा शब्द जन्मला तोच एक पीजे म्हणून. १८३९ साली 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'ने 'ऑल करेक्ट'चं मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याचा शॉर्टफॉर्म छापला, तो हा ओके. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरेन पुन्हा निवडणुकीला उभे राहिले. त्यांचं गाव किंडरहूक, म्हणून टोपणनाव 'ओल्ड किंडरहूक'. झालं, समर्थकांना आयती घोषणा मिळाली! व्हॅन ब्यूरेन हरले, ओके जिंकला. आपल्याकडे तो ट्रकच्या मागे जाऊन बसला. 'हॉर्न ओके प्लीज' वाचून लोक उगाच हॉर्न बडवतात, म्हणून २०१५ मध्ये महाराष्ट्राने व्यावसायिक वाहनांवर ते लिहायला बंदी घातली.

इथवर सगळं मजेचं. पण २७ मार्च १९७७ची गोष्ट ऐका. स्पेनचं टेनेरिफ बेट, धावपट्टीवर दाट धुकं. केएलएमच्या विमानातून टॉवरला कळवलं गेलं की आम्ही आता टेक-ऑफवर आहोत. कंट्रोलर म्हणाला, 'ओके'. पाठोपाठ त्याने थांबायलाही सांगितलं, पण त्याच क्षणी पॅन अ‍ॅमचं विमान रेडिओवर बोललं आणि ते वाक्य खरखरीत बुडालं. पॅन अ‍ॅम त्याच धावपट्टीवर होतं. ५८३ माणसं गेली. धुकं, घाई, रेडिओ अशी कारणं अनेक होती; त्यात हा 'ओके'ही होता. त्यानंतर विमानवाल्यांनी नियम कडक केले. महत्त्वाच्या सूचनेला नुसतं ओके चालत नाही, ती सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची. याला म्हणतात रीडबॅक.

मला वाटतं, आपल्या क्युबिकलमध्येही हे हवंय. शुक्रवारी संध्याकाळी 'सोमवारी दे' या मेलला आपण ओके ठोकतो. म्हणजे काय? वाचलं? जमेल? की वीकेंड अर्पण? बॉस तिसरा अर्थ घेतो आणि आपण सोमवारी चिडचिड करतो. त्यापेक्षा 'सोमवारी संध्याकाळी सहापर्यंत पहिला ड्राफ्ट देते' असं लिहायला दहा सेकंद लागतात. नाही जमणार, तर तेही त्याच दहा सेकंदांत कळतं.

आणि डोळे सुजलेली कलीग 'मी ओके आहे' म्हणाली तर? कॉफी मागवा आणि रीडबॅक मागा. 'ओके म्हणजे काय गं?' एवढंच विचारा.