दुकानाचे दार उशिरा का उघडते?



गेल्या महिन्यातील एका रविवारी दुसरी मिस्सा आटोपून आम्ही बाहेर आलो, तोच आमच्या धर्मग्रामातील एका घरची सून वाट पाहत उभी होती. तिच्या सासरी काजू भाजून, फोडून, सोलून विकण्याचा घरचा धंदा आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी शहरातील एका जाणकाराकडून संकेतस्थळ करवून घेतले. पुण्या-मुंबईकडे व आखातात पोटासाठी गेलेली आपली माणसे सणासुदीला त्यावरूनच मागणी नोंदवीत.

"फादर, यंदा नाताळाच्या मागण्या निम्म्यावर आल्या की," ती म्हणाली. "पुण्याच्या आत्याबाई म्हणतात, तुमचं पान उघडायच्या आत माझा चहा उतू जातो. वेबसाइट केलेल्याला विचारलं, तर तो म्हणतो, मोठा सर्व्हर घ्या, वर्षाला अठरा हजार जास्तीचे पडतील. घेऊ का?"

ज्या घराचा हंगाम उन्हाळ्याच्या दोन-अडीच महिन्यांत आटोपतो, त्या घरास अठरा हजार रुपये ही लहान रक्कम नव्हे. आम्ही या विषयातील पंडित नाही. सेमिनरीत असताना ग्रंथालयाची यादी संगणकावर चढविण्याचे काम अंगावर पडले, तेव्हापासून लागलेली ही खोड आहे इतकेच. तरीही एवढे सांगण्याचे धाडस केले, की प्रथम मोजू, मग पैसे देण्याचे पाहू.

तिचा नवरा जवळच होता. त्याने खिशातून फोन काढून संकेतस्थळ उघडले, तो काय, ते क्षणार्धात उघडले! "बघा फादर, माझ्याकडं तर काही अडत नाही." येथेच बहुतेक धंदेवाईक फसतात. एकदा पाहिलेल्या पानाची चित्रे फोन आपल्या पोटात साठवून ठेवतो व पुढच्या खेपेस तेथूनच दाखवितो. मालक आपले दुकान रोज पाहतो, म्हणून त्याला ते नेहमी चपळ दिसते. नव्या गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये ती शिदोरी नसते. म्हणून आम्ही वायफाय बंद करावयास लावले, ब्राउझरची इनकॉग्निटो खिडकी उघडली (तिच्यात मागचे साठवण वापरले जात नाही) आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत उभे राहिलो. पहिले चित्र पुरते दिसावयास तेवीस सेकंद लागले. नवरा काही बोलला नाही.

आता हे तेवीस सेकंद गेले कोठे? समजा, आपण पेठेतील व्यापाऱ्यास सामानाची चिठ्ठी पाठविली. चिठ्ठी पोहोचावयास वेळ लागतो. व्यापारी सामान काढून बांधतो, त्यास वेळ लागतो. टेम्पो ते घेऊन येतो, आणि घरी आल्यावर गृहिणी पोती सोडून डबे भरते, त्यासही वेळ लागतो. सामान उशिरा आले म्हणून सरसकट व्यापाऱ्यास दोष देणे न्याय्य होईल काय? येथे व्यापारी म्हणजे सर्व्हर, टेम्पो म्हणजे मोबाइलचे जाळे आणि गृहिणी म्हणजे गिऱ्हाइकाचा फोन.

हे भाग वेगळे करून दाखविणारे गूगलचे पेजस्पीड इनसाइट्स नावाचे साधन फुकट मिळते. त्यात आपल्या संकेतस्थळाचा पत्ता घातला, की ते मध्यम प्रतीचा फोन व मंद जाळे गृहीत धरून पानाची परीक्षा घेते. त्याचा निकाल घेऊन आम्ही दोघांना पुढ्यात बसविले. सर्व्हरकडून उत्तराचा पहिला कण येण्यास ०.४ सेकंद लागले होते. ०.८ सेकंदांपर्यंतचा वेळ चांगला समजतात. म्हणजे व्यापारी निर्दोष! अठरा हजार रुपये भरून फार तर या ०.४ सेकंदात काटछाट झाली असती, उरलेले बावीस-साडेबावीस सेकंद जागच्या जागी राहिले असते. स्टीव्ह साउडर्स या अभियंत्याने २००७ साली याच विषयावर लिहिलेल्या पुस्तकात दाखवून दिले होते, की वापरणाऱ्याच्या प्रतीक्षेचा ८० ते ९० टक्के वेळ सर्व्हरच्या उत्तरानंतर, पानाचे उर्वरित सामान आणण्यात व मांडण्यात जातो. मधल्या काळात पुष्कळ बदलले, परंतु हा रोग आहे तेथेच आहे.

खरा अपराधी पहिल्याच पानाच्या माथ्यावर सरकत होता. काजूच्या राशींची सात छायाचित्रे, एकामागून एक फिरणारी. प्रत्येक छायाचित्र फोनच्या कॅमेऱ्यातून निघाले तसेच चढविलेले, ४००० बाय ३००० ठिपक्यांचे, सुमारे ४ मेगाबाइट वजनाचे. येथे थोडे गणित करू. जाळ्याचा वेग बिटांत सांगतात आणि चित्राचे वजन बाइटांत, व एका बाइटात आठ बिट असतात. हा फरक न कळल्याने अनेकांचा हिशेब चुकतो. ४ मेगाबाइट म्हणजे सुमारे ३ कोटी २० लक्ष बिट. त्या परीक्षेत मंद जाळ्याचा वेग सेकंदास १६ लक्ष बिट धरतात. भागून पाहा, एका चित्रास वीस सेकंद. आणि ज्या फोनवर ते दिसावयाचे, त्याचा पडदा रुंदीने बहुधा १०८० ठिपक्यांच्या आसपास असतो. मुठीत मावणाऱ्या खिडकीसाठी आपण देवळाच्या दरवाजाएवढे तावदान वाहून आणीत होतो.

उपाय सोपा होता. आधी संपूर्ण संकेतस्थळाची एक प्रत काढून बाजूला ठेविली. ही काळजी न घेता हात घालणे म्हणजे फांदीवर बसून फांदी तोडणे होय. मग सातांपैकी सहा चित्रे माथ्यावरून काढली. सूनबाईला वाईट वाटले, पण सरकणारी चित्रे शेवटपर्यंत पाहत बसणारे गिऱ्हाईक आम्ही तरी पाहिले नाही. उरलेल्या एकाची रुंदी १०८० ठिपके केली व ते वेबपी या प्रकारात साठविले. हा प्रकार गूगलने २०१० साली पुढे आणला, आणि जुन्या जेपेगपेक्षा त्यात चित्र कमी जागेत बसते. वजन १२० किलोबाइट झाले, म्हणजे त्याच मंद जाळ्यावर साधारण ०.६ सेकंद. खालच्या मालाच्या चित्रांना 'पान सरकवीत जवळ येईपर्यंत आणू नये' अशी सूचना लाविली. ही सूचना माथ्यावरील पहिल्या चित्रास मात्र कधीही लावू नये. पुष्कळ जण उत्साहात तीही चूक करतात व आधीपेक्षा उशीर ओढवून घेतात.

चित्रे आवरल्यावर दुसरी गर्दी दिसू लागली. अभ्यागत मोजणारी दोन निरनिराळी यंत्रे, कोणी कधी न वापरलेली गप्पांची पेटी, आणि बंद पडलेल्या एका जाहिरातीची आज्ञावली. हे सारे परक्या ठिकाणांहून येते व गिऱ्हाइकाच्या स्वस्त फोनला राबवून घेते. मोजणी एक ठेविली, बाकी काढले. मराठी अक्षरांचा फाँटही चार जाडींचा मागविला होता. देवनागरीत जोडाक्षरे फार, म्हणून असे फाँट रोमन लिपीच्या मानाने सहसा जड असतात. दोन जाडी ठेविल्या, आणि फाँट येईपर्यंत फोनमधील साध्या अक्षरांत मजकूर दिसावा अशी तजवीज केली.

आणखी एक खोड होती, जिचा आत्याबाईंना सर्वांत अधिक राग होता. अर्धा किलोच्या बटणावर बोट ठेवावे, तोच वर एखादे चित्र येऊन पान खाली ढकलले जाई व बोट दोन किलोवर पडे. चित्राची लांबी-रुंदी आधी सांगून न ठेवल्याचा हा परिणाम. ती सांगितली, की ब्राउझर तेवढी जागा राखून ठेवतो.

प्रत्येक बदलानंतर आम्ही पुन्हा मोजले, आणि तेही तीनदा मोजून मधला आकडा घेतला, कारण हे साधन दर वेळी थोडे निराळे उत्तर देते. शेवटी पहिले मोठे चित्र २.३ सेकंदांत दिसू लागले. अडीच सेकंदांच्या आत ते दिसावे, अशी गूगलची कसोटी आहे. नवऱ्याला शंभरपैकी शंभर गुण हवे होते. आम्ही त्याला तेथेच थांबविले. आत्याबाई गुण पाहत नाहीत.

सर्व्हर कधीच दोषी नसतो असे मात्र कोणी समजू नये. पहिला कण येण्यासच दोन-तीन सेकंद लागत असतील, तर दुखणे तिकडे आहे. अशा वेळी वर्डप्रेससारख्या व्यवस्थेत जमलेली नको ती प्लगिने काढावी, तयार पान साठवून तेच पुन्हापुन्हा देण्याची सोय लावावी, आणि सर्व्हर कोणत्या देशात आहे हे विचारावे. काचतंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे दोन लक्ष किलोमीटर धावतो, तरी मुंबईहून अमेरिकेपर्यंतच्या एका खेपेस दशांश सेकंदाहून अधिक वेळ लागतोच, आणि पान उघडण्यापूर्वी अशा अनेक खेपा होतात. गिऱ्हाईक भारतातले असेल तर सर्व्हर भारतात असलेला बरा. एवढे करूनही भागले नाही, तर मोठ्या सर्व्हरचे पैसे खुशाल मोजावे.

या कुटुंबाने ते अठरा हजार अद्याप दिलेले नाहीत. आत्याबाईंनी मागल्या आठवड्यात एक किलो काजूगर मागविले. पैसे भरण्याचे पान अजून रेंगाळते, अशी त्यांची तक्रार आहे. ते पान पैसे स्वीकारणाऱ्या निराळ्या संस्थेचे असल्यामुळे आपल्या हातात नाही. त्या संस्थेस लिहावयाचे पत्र सूनबाईने तयार केले असून, मोजलेले आकडे त्याला जोडावयाचे राहिले आहेत.