चालणे आणि पेलणे

मुकुंदवाडीतील आमच्या खोलीत जुन्या नियतकालिकांचे अंक स्कॅन करून त्यांतील मजकूर शोधता येईल अशा रूपात आणण्याचे काम चालते. वर्गणीच्या पैशांतून आम्ही नवा संगणक जुळवून घेतला. प्रोसेसर शक्तिशाली घेतला. पैसे तेथेच संपले, म्हणून मदरबोर्ड सर्वांत स्वस्त निवडला. ‘यावर हा प्रोसेसर चालतो’ एवढे आम्हांस पुरेसे वाटले.

पहिली दहा मिनिटे पाने सरसर ओळखली जात. मग वेग निम्म्याखाली येई. मे महिना होता, दोष उन्हाला दिला. पंखाही बदलला. परंतु प्रोसेसरचे तापमान मर्यादेतच होते. तापत होता तो त्याच्या शेजारचा, आम्ही कधी न पाहिलेला भाग.

त्यास व्हीआरएम म्हणतात. पॉवर सप्लायकडून आलेले 12 व्होल्ट तो सव्वा व्होल्टच्या आसपास उतरवतो. इंटेलच्या आय9-14900केची कमाल वीज 253 वॅट. म्हणजे सुमारे 200 अँपिअर प्रवाह. घरातील गिझरचे सॉकेट 16 अँपिअरचे असते, हे ध्यानात घ्यावे. हा भार अनेक फेजांत वाटला जातो. सहा फेज असल्यास प्रत्येकीवर 33 अँपिअर, चौदा असल्यास साधारण 14. प्रवाह दुप्पट झाला की रोधामुळे होणारी उष्णता चौपट होते. फेज मोजक्या आणि वर हीटसिंक नाही, अशा बोर्डाला स्वतःस वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग कमी करावा लागतो.

तेव्हा ‘चालतो’ हे विधान खोटे नव्हते. आम्ही ते ‘पेलतो’ असे वाचले. शब्दांचे वाचन शिकवणाऱ्यांकडून ही चूक व्हावी, याची खंत अधिक.

महागडाच बोर्ड घ्यावा, असे आमचे म्हणणे नाही. पत्रलेखन आणि अक्षरजुळणी यांसाठी साधा बोर्ड उत्तम. परंतु तासन्‌तास पूर्ण भार पडणार असेल, तर प्रोसेसर एक पायरी खालचा घेऊन उरलेले पैसे बोर्डावर खर्चावेत. जाहिरातीतील फेजांच्या आकड्यावर न विसंबता प्रत्येक फेजची अँपिअर-क्षमता पाहावी, हीटसिंक पाहावे, अर्धा तास पूर्ण भार देऊन केलेल्या चाचण्या वाचाव्यात. प्रोसेसरला पाण्याने थंड करणारी यंत्रणा लावली, तर व्हीआरएमवरून वाहणारा वारा थांबतो. त्याची सोय वेगळी करावी. बोर्ड घेऊन झालाच असेल, तर बायोसमध्ये विजेची मर्यादा खाली आणावी. वीज निम्मी केली तरी वेग निम्मा होत नाही. आम्ही हेच केले. काम आता संथ, पण अखंड चालते.

आमच्या महाविद्यालयांतील अनेक भाषाविभागही ‘चालतात’. अभ्यासक्रम मोठा, उपक्रमांची यादी लांब. आणि भार तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर. तेथे वेग मंदावला की आपण विद्यार्थ्यांना दोष देतो, काळाला देतो. भार नेमका कोणावर आहे, हे उघडून पाहत नाही. संगणकाचे झाकण काढायला आम्हांला महिना लागला. तेवढ्या अवधीत जुन्या अंकांचा कागद आणखी थोडा ठिसूळ झाला.