शून्य मेलवाले साहेब

‘उद्या टाकी धुणार, दहानंतर पाणी बंद’ असा निरोप आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मंगळवारी आला होता म्हणे. त्याच्यावर सुप्रभातांचा ढीग, कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस आणि हळदीच्या पाण्याचे गुण येऊन पडले, तर तो दिसणार कसा? माझी अंघोळ दहानंतरच. अंगभर साबण लावून कोरड्या नळाकडे बघताना माणसाला कुणीही आठवतं. मला थिएरी ब्रेटन आठवले.

हे गृहस्थ फ्रान्सचे. थॉमसन आणि फ्रान्स टेलिकॉम या गाळात चाललेल्या कंपन्या सावरल्या म्हणून नाव झालं. 2005 ते 2007 देशाचे अर्थमंत्री, मग जवळजवळ अकरा वर्षं ॲटॉस या संगणक कंपनीचे प्रमुख आणि 2019 पासून 2024 पर्यंत युरोपीय आयोगाचे आयुक्त. समाजमाध्यमांना जागतिक उलाढालीच्या सहा टक्क्यांपर्यंत दंड ठोकू शकणारा कायदा त्यांच्याच काळातला, कृत्रिम बुद्धिमत्तेचाही.

पण मला जवळचे वाटतात ते 2011 सालचे ब्रेटन. तेव्हा या साहेबांनी जाहीर केलं, की कंपनीतल्या कंपनीत मेल पाठवणं तीन वर्षांत बंद! माणसं सत्तर हजारांवर. साहेबांचं म्हणणं, दहात एखादीच मेल कामाची असते. ते स्वतः मेलच्या वाटेला जातच नसत. काम असेल तर फोन करा, नाहीतर येऊन भेटा. पुढे मेल बऱ्याच कमी झाल्या, शून्यावर काही आल्या नाहीत.

माझा भाचा तळवड्याला आयटीत आहे. (ब्रेटनसाहेबांनी 2018 मध्ये तळवड्यातही कार्यालय असलेली सिंटेल कंपनी विकत घेतली, तेव्हा त्यांचा पायही तळवड्याला लागला. भाचा तिथला नव्हे.) मोठ्या उत्साहाने त्याला ही कल्पना ऐकवली, तर म्हणाला, “मामा, मेल बरी हो! तिला संध्याकाळी उत्तर दिलं तरी चालतं. चॅटवर मेसेज वाचलेला दिसला, की मॅनेजर लगेच विचारतो, पाहिलंस ना?” भाच्यापुढे माझं काही चालत नाही.

आणि गंमत म्हणजे, मेलवर एवढा राग असलेल्या माणसाला खासगी पत्रही फारसं मानवत नसावं. ऑगस्ट 2024 मध्ये मस्क हे ट्रम्पची मुलाखत घेणार, तर यांनी आदल्या तासांत मस्कना इशाऱ्याचं पत्र धाडलं, तेही जगजाहीर, मस्कच्याच एक्सवर. आयोगानेच हात झटकले. पुढच्याच महिन्यात राजीनामा दिला तोही तिथेच, आणि आधी नुसती रिकामी चौकट टाकली, ‘पुढच्या कारकिर्दीचं माझं अधिकृत छायाचित्र’ म्हणून. डिसेंबर 2025 मध्ये अमेरिकेने त्यांना व्हिसाबंदी केली. ती आगाऊपणाची होती, पण मला विचाराल तर साहेब कंपनी सोडून आले तरी कंपनीतला आवाज सोडून आले नव्हते. नियम करणाऱ्याने नोटीस काढावी, दम देऊ नये.

त्यांच्या काळातल्या एवढ्या कायद्यांपैकी आमच्या घरात शिरला तो एकच. सगळ्या फोनना एकच चार्जर हवा, हा प्रस्ताव त्यांनी 2021 मध्ये मांडला. ॲपलने कुरकुर केली आणि 2023 च्या आयफोनला निमूट सी-टाइपचं भोक पाडलं. एकट्या युरोपापुरतं वेगळं भोक कोण पाडत बसणार, म्हणून ते आमच्या कोथरूडलाही आलं. आता सूनबाईंचा आयफोन आणि माझा साधा फोन एकाच वायरीवर चालतात. वायर मात्र कायम तिच्या खोलीत असते, आणि त्यावर युरोपात अजून कायदा झालेला नाही.